दहाचा फ्यूज

लहानपणी नांदेडच्या घरात लाइट गेली की मी आधी गल्लीत डोकवायचो. शेजारी उजेड दिसला की समजायचं, आपला फ्यूज गेला. मग अण्णा स्टुलावर चढून चिनी मातीचं किटकॅट उपसायचे आणि केसासारखी बारीक तार त्यात भरायचे. शेजाऱ्यांनी तांब्याची जाड तार घातलेली, त्यांचा फ्यूज कधीच जायचा नाही. "आपणही जाड घालू की," मी म्हणायचो. अण्णा म्हणायचे, "मग काय जाऊ द्यायचं? घर?"

हे मी विसरलो होतो असं नाही. गाडीच्या वेळी आठवलं नाही, इतकंच.

तर झालं असं, गाडीत पायाशी निळा उजेड हवा हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं. निळा एलईडी बनवण्यात शास्त्रज्ञांची कित्येक वर्षं गेली; अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 साली त्यासाठी नोबेल मिळालं. मला मात्र एक रविवार पुरला! दोन मीटर पट्टी आणली, छताच्या दिव्याच्या वायरमधून फाटा काढला, दाराशेजारच्या खांबावरच्या प्लास्टिकमागून खाली नेला आणि प्लास्टिक दाबून बसवलं. पोरं खूश.

दोन दिवसांनी पट्टी बंद, छताचा दिवाही बंद. बघतो तर दहा अँपिअरचा लाल फ्यूज उडालेला. नवा टाकला, तोही गेला. म्हटलं, लोड वाढला असेल. वीसचा पिवळा टाकला. पट्टी लागली. प्रश्न मिटला!

खरं तर तिथेच गणित करायला हवं होतं. पट्टीवर मीटरला 4.8 वॅट असं लिहिलेलं. दोन मीटरचे 9.6, भागिले 12 व्होल्ट, म्हणजे 0.8 अँपिअर. एवढ्याशा लोडने दहाचा फ्यूज जाईलच कसा? फ्यूज मला काहीतरी सांगत होता आणि मी त्याचं तोंड बंद केलं.

पुढच्या आठवड्यात लातूरला लग्न होतं. रात्री परतताना अहमदपूर मागे पडलं, लोहा यायचं होतं. आई आणि पोरं मागे झोपलेली. पुढे बसलेले अण्णा एकदम म्हणाले, "गाडी बाजूला घे. वायर जळतीय."

मला तोवर वाससुद्धा आला नव्हता. सगळ्यांना खाली उतरवलं, किल्ली काढली, तरी वास थांबेना. छताच्या दिव्याला किल्लीशी देणंघेणं नसतं, त्याला करंट थेट बॅटरीतून येतो. शेवटी मोबाइलच्या उजेडात तो पिवळा फ्यूज उपसला, तेव्हा वास थांबला. अंधारात रस्त्याकडेला आई पोरांना जवळ घेऊन उभी होती. अण्णा काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

सकाळी ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांनी खांबाचं प्लास्टिक काढलं. माझी वायर पत्र्याच्या धारेवर चेपली होती. गाडीचा पत्रा म्हणजे बॅटरीचं निगेटिव्हच. कव्हर कापलं जाऊन तांबं पत्र्याला घासत होतं आणि वीसचा फ्यूज ते निमूट सहन करत होता. वायरचं कव्हर हातभर वितळून काळं पडलेलं. चाचा एवढंच म्हणाले, "फ्यूज बत्ती के वास्ते नहीं रहता, वायर के वास्ते रहता."

आता लाल फ्यूज परत जागेवर आहे. पट्टीला वेगळी वायर, रबरी नळीतून नेलेली, आणि फाटा जिथून निघतो तिथेच तिचा स्वतःचा दोन अँपिअरचा फ्यूज. निळा उजेड पोरांना अजून आवडतो. मला तितकासा नाही. असो.

परवा गाडीत बसताना अण्णांनी पायाशी बघितलं आणि विचारलं, "तार कोणती घातलीस?"

"बारीक," मी म्हणालो. मग त्यांनी दार लावून घेतलं.