भावकी लांब गेली

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपात जुनं किल्लारी पडलं. नवं गाव उभं राहिलं ते नकाशावर आखून: रुंद रस्ते, सरळ ओळी, जमिनीच्या हिशेबानं 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची घरं. जुन्या गावात भावकीची भिंतीला भिंत होती. लेकराचं रडणं वाढलं की चुलता हाक न मारताच आत यायचा. सगळेच यायचे असं नाही. वाड्यांतही मार होताच, तो ‘वळण’ म्हणून खपायचा.

नव्या गावातलं एक घर मी शिक्षिका म्हणून जवळून पाहिलं. उसाचं बिल थकलं की बापाचा पट्टा निघे आणि चौथीतल्या पोराच्या पाठीवर पडे.

या माराभोवती घरानं आपापली कामं वाटून घेतली होती. थोरली बहीण फटफटीच्या आवाजावरून बापाचा राग ओळखायची आणि धाकट्याला मागच्या दारानं पिटाळायची. आई आधी ताट वाढायची. पोट भरलं की हात कमी उठतो, हा तिचा अनुभव. आजोबा टीव्हीचा आवाज वाढवायचे. सकाळी वळांवर हळद लागायची आणि शाळेत निरोप यायचा, “पोरगं बैलगाडीवरून पडलं.” शाळाही त्यातच गुंतलेली: गृहपाठाची तक्रार वहीत लिहून घरी जायची, वाचायचा बाप.

हे या एका घरापुरतं नव्हतं. केंद्र सरकारनं 2007 मध्ये मुलांच्या छळाबाबत 13 राज्यांतली पाहणी प्रसिद्ध केली. त्यात दर तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचं आढळलं. घरात मार खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना मारणारे आईबापच होते.

त्या घरासाठी शेवटी 1098 या बालमदत क्रमांकावर फोन झाला. बालकल्याण समितीपुढं सगळं घर बसलं. बापानं आजोबांकडं बोट केलं, “मला ह्यांनी असंच वाढवलं.”

भूकंपात बायको गेलेले आजोबा फटकन् म्हणाले, “त्या साली डोकं ठिकाणावर कुणाचं होतं?” सूनबाईनं पहिल्यांदाच त्यांच्यासमोर तोंड उघडलं, “आता तर हाय ना, मामंजी?”

ठरलं ते एवढंच: पोरगं दिवाळीपर्यंत मामाकडं, वहीतली तक्रार आईकडं, महिन्यातून दोनदा समुपदेशकाची फेरी. पहिल्या फेरीला बाप घरी नव्हता. दुसऱ्या फेरीला भेटला. तासभर बोलला, त्यातला अर्धा वेळ उसाच्या बिलावर.