काशीच्या आकाशातील साक्ष

वाचकहो, तुटता तारा दिसला की आपल्याकडची वडीलधारी माणसे नजर वळवतात. कोणा पुण्यवंताने देह ठेवला, अशी त्यामागील समजूत. माझी आई याच संस्कारात वाढलेली. गेल्या मार्गशीर्षात वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही दोघे काशीस गेलो आणि ब्रह्माघाटाजवळ एका मराठी कुटुंबाकडे उतरलो.

अस्थिविसर्जनाच्या रात्री आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. एकाएकी पैलतीरावरील वाळू निळसर प्रकाशाने उजळली. एक अग्निगोल पूर्वेच्या आकाशातून झरकन खाली आला, फुटला आणि विझला. आईने हात जोडले. "हे गेले रे," ती म्हणाली, "मी पाहिलं."

शास्त्रीय लेखांचे भाषांतर करणे हा माझा व्यवसाय. उत्तर जिभेवर तयार होते, परंतु मी गप्प राहिलो. ते मौन दयेचे की भित्रेपणाचे, याचा विचार करीत रात्रभर जागलो. सकाळी मी आईला एक जुनी हकिकत सांगितली.

ती याच काशीची आहे. १९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री आठच्या सुमारास, आकाश निरभ्र असताना, येथील लोकांनी आगीचा एक मोठा गोळा पाहिला. मेघगर्जनेसारखा आवाज झाला. नगरापासून सुमारे १४ मैलांवर, गोमतीच्या उत्तर तीरी, इंग्रजी कागदपत्रांत 'क्राखूट' म्हटलेल्या खेड्याजवळ दगडांचा वर्षाव झाला. दोन पौंडांहून अधिक वजनाचा एक दगड राखणदाराच्या झोपडीचे छप्पर फोडून आत पडला आणि टणक जमिनीत रुतला. राखणदार जवळच उभा होता.

त्या काळी युरोपातील अनेक विद्वान आकाशातून दगड पडतात हे मानीत नसत. शेतकऱ्यांच्या अशा साक्षी भाबडेपणात जमा होत. परंतु जॉन लॉइड विल्यम्स यांनी काशीची हकिकत नोंदवली आणि दगड लंडनला पोहोचले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने इंग्लंड, इटली, बोहेमिया व काशी येथील दगड तपासले. इतक्या दूरदूर पडलेल्या दगडांची घडण सारखीच निघाली आणि त्यांतील लोहकणांत निकेल सापडले. १८०२ साली हे प्रसिद्ध झाले. अवकाशातील असे खडे सेकंदाला ११ किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने वातावरणात शिरतात आणि तापून पेटतात, हे आज आपण जाणतो.

आई शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारले, "त्या राखणदाराचं म्हणणं खरं ठरलं ना?"

"हो, ठरलं."

"मग दगड तर दगड. आपण दोघांनी मिळून पाहिला, हे तरी खरं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "रात्रीच सांगायचंस. मी रडले नसते असं नाही. पण तू जागत होतास ते मला कळत होतं."

वाचकहो, घरातील दुःखी माणसाला सत्य पेलणार नाही, असे आपण फार लवकर ठरवून टाकतो. मीही तेच केले होते. त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा घाटावर जाऊन बसलो. आईने आकाशाकडे पाहिले. या वेळी तिने नजर वळवली नाही.