चारोटीत एक दिवस, एक रात्र

एप्रिल-मे म्हणजे आमच्या गायन पार्टीचा सुगीचा काळ. १४ एप्रिलला सुरू झालेले जयंतीचे कार्यक्रम मे महिना संपत आला तरी चालूच असतात. टेम्पोतून उतरायचे, वाद्ये लावायची, गायचे आणि पहाटे परत. गाव पाहायला सवड कुठली! पण यंदा चारोटीच्या धम्मबांधवांनी आग्रहच धरला, "सकाळीच या. आमचा मुलूख पाहा, मग गा." म्हणून आम्ही नऊ जण हार्मोनियम, ढोलकी, कीबोर्ड असा लवाजमा घेऊन पहाटेच मुंबईहून निघालो. त्यात कोरस देणाऱ्या दोन ताईही होत्या.

चारोटी हे मुंबई-अहमदाबाद हायवेवरचे नाक्याचे गाव. एक रस्ता डहाणूला जातो, दुसरा कासा-जव्हारकडे. टोलनाका, ढाबे, ट्रकच्या रांगा. गाडीतून जाणाऱ्याला एवढेच दिसते.

आमचे यजमान निवृत्त शिक्षक. सारे त्यांना गुरुजीच म्हणतात. त्यांनी प्रथम विवळवेढ्याच्या जत्रेत नेले. महालक्ष्मीची ही जत्रा चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस भरते. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. दर्शनाच्या रांगेचा प्रश्नच नव्हता. पण बाजार पाहायला कोणती प्रतिज्ञा आड येते? इथले पुजारीपण आदिवासी घराण्याकडे आहे, हे मात्र ऐकून बरे वाटले. डोंगरपाड्यांतून आलेल्या बाया पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकी मासळी घेत होत्या. सुपे, टोपल्या, बांगड्या यांचे ढीग लागले होते. आमच्या ढोलकीवाल्याने दोन किलो सुके बोंबील घेतले आणि अॅम्प्लिफायरच्या पेटीशेजारी ठेवले. त्याची शिक्षा पुढे सर्वांनी भोगली.

दुपारी गुरुजींच्या घरी तांदळाची भाकरी, बोंबलाचे कालवण आणि वर गार ताडगोळे. कोणीतरी ताडीही आणून दिली. पंचशील सांगून आम्ही हात जोडले. तेव्हा आमचा कीबोर्डवाला हळूच विचारतो, "नीरा चालते का हो?" पण नीरा पहाटेची. दुपारपर्यंत तिची ताडी झालेली असते!

ऊन उतरल्यावर गुरुजी आम्हाला एका वारली पाड्यावर घेऊन गेले. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याच्या घरी लग्न होते. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढलेला होता. आढ्याला तारपा टांगलेला दिसला. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले. आम्ही हौसेने म्हटले, "वाजवा की!" म्हातारबाबा हसले. भात पिकायला लागले की तो काढायचा, आता नाही, म्हणाले.

मांडवात एक वृद्ध बाई गात होती. ती धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी. भटजी नाही, पोथी नाही. ही बाई गाते आणि तिच्या गाण्यावर लग्न लागते. आमचीही लग्ने भटजीवाचून लागतात, हे आम्ही अभिमानाने सांगितले. तिने ऐकून घेतले. मग ताईंकडे बोट दाखवून गुरुजींना काही विचारले. गुरुजी जरा अवघडले. "ती विचारते, या बाया काय करतात?" आम्ही म्हटले, "मागे उभ्या राहून साथ देतात." तिने पुन्हा विचारले, "पुढे कोण गाते?" पुढे आम्हीच गातो, बाप्ये. ती काही बोलली नाही. पुन्हा गाऊ लागली.

परतताना गुरुजींनी लग्नगडी म्हणजे काय ते सांगितले. पूर्वी इथला आदिवासी लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढी आणि नवरा-बायको दोघे जन्मभर त्याच्या घरी फुकट राबत. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी परिषद भरली आणि वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच जण मेले. या लढ्याचे पुढारी शामराव आणि गोदावरी परुळेकर. हेच शामराव १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई विधिमंडळात निवडून गेले होते, हे आमच्यापैकी कितींना ठाऊक होते? एकालाही नाही. गोदावरीबाईंना वारली गोदाराणी म्हणत.

रात्री वस्तीत त्रिशरण-पंचशील झाले आणि आम्ही सुरुवात केली. पाड्यावरची माणसे आली होती, पण मंडपाबाहेर अंधारात उभी. दहा वाजता नियमाप्रमाणे भोंगा बंद करावा लागला. कीबोर्डही गप्प. लोक उठेनात. तेव्हा आम्ही स्टेजवरून उतरलो आणि नुसती ढोलकी-पेटी घेऊन सतरंजीवर बसलो. बाहेरची माणसेही सरकत सरकत आत आली.

आमच्या थोरल्या ताई अठरा वर्षे कोरसला आहेत. त्या एकदम म्हणाल्या, "रमाईचे गाणे मी सुरू करते. तुम्ही मागे धरा." खरे सांगायचे तर आमच्या मुख्य गायकाचा चेहरा उतरला. ताईंचा सूरही पहिल्या कडव्यात चढाच लागला. पेटीवाल्याने पट्टी बदलली. दुसऱ्या कडव्यापासून आम्ही सात बाप्ये कोरस देत होतो. आम्हाला तो नीट येत नव्हता, मध्येच शब्द विसरत होतो. धाकट्या ताई हसून आम्हाला शब्द पुरवीत होत्या.

एक वाजता टेम्पो सुटला. नाक्यावर चहा घेतला. पुढच्या शनिवारी कल्याणचा कार्यक्रम आहे. त्यात ताईंची गाणी किती ठेवायची, यावर मनोरपर्यंत वाद चालला. दोन ठरली. ताई तीन म्हणत होत्या. बोंबलांच्या वासाने कोणालाच झोप आली नाही.