आंबोलीच्या झुडपातला काडीकिडा

आंबोलीला पावसाळ्यात जायचे तर रविवार टाळावा. त्या दिवशी धबधब्याखालची गर्दी, कणसांचा धूर आणि गाड्यांचे हॉर्न यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. आम्ही ऑगस्टमध्ये मुद्दाम मधल्या वारी गेलो. आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी. कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे पोहोचेपर्यंत धुके इतके उतरले होते की समोरची एसटी फक्त दिव्यांवरून कळत होती.

हिरण्यकेशीचा उगम दुपारीच पाहून झाला. तिथे सापडलेल्या एका लहानशा माशामुळे ही जागा २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली, हे मुलांना सांगितले. मुलांचे लक्ष मात्र गरम भज्यांकडे होते. खरी आंबोली अंधार पडल्यावर सुरू होते, असे आमच्या मुक्कामाच्या घरातला कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणाला. मगरिबची नमाज आटोपून आम्ही टॉर्च घेऊन त्याच्यामागे निघालो. अम्मी तसबीह घेऊन घरीच बसल्या.

त्याची पहिली ताकीद होती, "बॅटरी मारल्याशिवाय कुठल्याच फांदीला हात लावायचा नाही." इथे चापडा नावाचा विषारी साप फांदीवर तासन्‌तास निश्चल बसतो. त्यामुळे आम्ही सगळे खिशात हात घालूनच चालत होतो.

कारवीच्या एका झुडपापाशी तो थांबला आणि म्हणाला, "यात एक जण बसलाय. शोधा." आम्ही पाच मिनिटे पाहिले. पाने, काड्या, पावसाचे थेंब. वाऱ्याची झुळूक आली तशी एक काडी बाकीच्या काड्यांसारखी डोलली, आणि झुळूक थांबल्यावरही जरा डोलतच राहिली. तोच काडीकिडा! वीतभर लांब, पुढचे दोन पाय डोक्यापुढे सरळ ताणलेले. डोके मध्ये यावे म्हणून त्या पायांना मुळाशी बाकच असतो. सुबहानल्लाह! इतकी वर्षे आम्ही हा प्राणी फळ्यावर काढून शिकवला, पण जिवंत पाहिला तो त्या रात्री.

तो मुलगा रंगून सांगू लागला. हे किडे रात्री पाने खातात, दिवसा काडी होऊन राहतात. काही जातींत नर नसला तरी मादी अंडी घालते आणि त्यांतून पिल्ले निघतात. अंडी थेट बियांसारखी, वरून टपकन खाली सोडलेली. काहींच्या अंड्यांना टोकाशी खाण्याजोगी गाठ असते; मुंग्या तेवढ्यासाठी अंडे वारुळात नेतात, गाठ खातात आणि अंडे तिथे सुरक्षित राहते. तामिळनाडूच्या डोंगरातली एक जात तर युरोपातल्या शाळांत बरणीत पाळतात. आपल्या शाळांत का नाही, हा प्रश्न तेव्हा मनात आला, तो अजून गेलेला नाही.

एवढ्यात धाकटीने बोटांनी त्याला धरले. किडा खाली पडला आणि तिच्या चिमटीत एक पाय राहिला.

ती घाबरून रडू लागली. रागवायचे आमच्या तोंडावर आले होते. तो मुलगा म्हणाला, "रडू नको. पकडलं की तो स्वतःच पाय सोडून देतो. अजून लहान असेल तर कात टाकताना नवा येईल."

"आणि मोठा असेल तर?"

"मग नाही येत."

हा लहान की मोठा, ते त्यालाही सांगता येईना. किडा खाली कुठे पडला तेही पानांत सापडले नाही.

घरी येऊन तिने तो पाय आगपेटीत ठेवला आणि अम्मींना सगळे सांगितले. अम्मी एरवी तिला मुंगीची, मधमाशीची, कोळ्याची नावे असलेल्या सूरा सांगतात. तिने विचारले, "दादी, याच्या नावाची सूरा आहे?" अम्मी म्हणाल्या, "नाही बेटा. पण त्यालाही अल्लाहनेच बनवलंय. त्याच्यासाठी दुआ कर."

सकाळी सामान गाडीत चढल्यावर ती पुन्हा त्या झुडपापाशी जायचा हट्ट धरून बसली. गेलो. उजेडात एकेक फांदी पाहिली, पाच पायांची काडी काही दिसली नाही. ती खाली बसून पाने बाजूला करत होती आणि अम्मी गाडीतून घड्याळ दाखवत होत्या; जोहरला आजरा गाठायचे होते.