कवेत मावेल एवढी माती

आमच्या घरात बाई चाकावर बसत नाही. माती चाळायची, लीद कालवायची, पाय दुखेपर्यंत तुडवायची, पोळ्याचे बैल रंगवून बाजारात नेऊन विकायचे, हे सगळं आई करते. चाक मात्र अप्पांचं.

म्हणून रांटी बामचं काम मोबाइलवर दिसलं तेव्हा माझा अंगठा थांबला. लागोसमध्ये जन्मलेली ही शिल्पकार ओल्या मातीच्या उभ्या भांड्याला चक्क मिठी मारते. भांडं दबतं, वाकतं, चिरतं आणि तसंच भाजलं जातं. मालिकेचं नाव 'इफास'. योरुबा भाषेतल्या 'जवळ ओढणं' या अर्थाच्या शब्दावरून ते आलंय. शिवाय इफा ही त्यांची कौल लावण्याची जुनी विद्या. २०२३च्या लिव्हरपूल बिएनालेत ही शिल्पं एका चर्चच्या बागेत उघड्यावर मांडली होती.

आफ्रिका म्हटलं की आपल्या शहराला मलिक अंबर आठवतो. पण तो इथिओपियाचा. योरुबांचा मुलूख खंडाच्या पार दुसऱ्या बाजूला. तिथे मडकी घडवतात त्या मुख्यतः बायकाच, चाकाशिवाय, हातांनी. हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग माणसं काय करत्यात?"

मातीच्या वळ्या एकावर एक रचून मी कमरेएवढं भांडं उभं केलं आणि आईला म्हटलं, घाल कव. ती आधी हसली, मग डोळे मिटून घट्ट धरून राहिली. मातीवर तिच्या बांगड्या उमटल्या.

अप्पांनी भिंत चाचपली. "जाड झालीय. आत ओल राहिली तर आव्यात फुटंल, अन् शेजारचे माठ घेऊन जाईल." उन्हाळ्याच्या तोंडावरचा आवा म्हणजे आमचं निम्मं वर्ष. त्यांचं बरोबरच होतं. सातवाहनांच्या काळात तेरचे कारागीरसुद्धा केओलिनच्या मूर्ती दोन साच्यांत दाबून आतून पोकळ ठेवायचे. मी दोन दिवस चमच्यानं आतून माती खरवडली. मग तीन आठवडे सावलीत वाळवलं. अप्पांनी आव्याच्या कडेला जागा दिली, माठांपासून लांब.

माठ सगळे धड निघाले. माझ्या भांड्याला गळ्यापासून अर्ध्यापर्यंत चीर. अप्पांनी टिचकी मारली. बद्द वाजलं.

"गिऱ्हाइकाला चालायचं नाही हे," ते म्हणाले. आणि खापरांच्या ढिगात न टाकता ओट्यावर, माठांच्या रांगेत नेऊन ठेवलं. दुपारपर्यंत दोघांनी भाव विचारला. आईनं सांगितला नाही.