सेंट मेरीचे दगड आणि दफनवही

चेन्नईच्या फोर्ट सेंट जॉर्ज या किल्ल्यात आज तमिळनाडूचे सचिवालय आणि विधानसभा असल्यामुळे, फोर्ट स्थानकावर उतरून समुद्राकडच्या दरवाजाशी येणाऱ्या प्रवाशाला आधी पोलिसांची तपासणी पार करावी लागते आणि मग फायली घेऊन लगबगीने जाणाऱ्या कर्मचाऱ्यांमधून वाट काढत सेंट मेरी चर्चचा पांढरा मनोरा गाठावा लागतो. इंग्लंडच्या राजसत्तेने मान्य केलेल्या प्रॉटेस्टंट पंथाचे, म्हणजे अँग्लिकन पंथाचे, सुएझच्या पूर्वेकडील सर्वांत जुने चर्च म्हणून या वास्तूची ख्याती आहे. मराठी वाचकाला मात्र तिच्याकडे पाहण्याचे आणखी एक कारण आहे, कारण हे चर्च उभारणारा गव्हर्नर स्ट्रेनशॅम मास्टर हा ऑक्टोबर 1670 मध्ये, शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली तेव्हा, तेथील इंग्रजांच्या वखारीचा बचाव करणारा अधिकारी होता.

मास्टरने मद्रासला येऊन कारभार हाती घेण्याच्या आदल्याच वर्षी, 1677 मध्ये, महाराज दक्षिण दिग्विजयासाठी कर्नाटकात उतरले होते आणि त्यांच्याकडून विषावरच्या उताऱ्यांची मागणी करणारे पत्र किल्ल्यातील इंग्रजांकडे आले होते. अशा काळात, 25 मार्च 1678 रोजी, ईस्ट इंडिया कंपनीच्या तिजोरीतून नव्हे तर किल्ल्यातील इंग्रजांच्या वर्गणीतून, चर्चच्या बांधकामास आरंभ झाला. स्वतः मास्टरने 100 पॅगोडा दिले. पॅगोडा हे दक्षिणेत चालणारे सोन्याचे नाणे, म्हणजेच मराठी दप्तरांतला होन. 28 ऑक्टोबर 1680 रोजी चर्चचे विधिवत पवित्रीकरण झाले. सुमारे चार फूट जाडीच्या बाहेरच्या भिंती आणि लाकडी तुळयांवर न टेकता कमानींवर तोललेले दोन फूट जाडीचे पक्के छत पाहिले, की बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रार्थनेइतकाच तोफगोळाही होता हे स्पष्ट होते.

चर्चच्या दाराकडे जाताना पायाखाली येणारी फरसबंदी बारकाईने पाहावी लागते, कारण ती थडग्यांवरच्या शिळांची आहे. इंग्रजी, लॅटिन, पोर्तुगीज आणि आर्मेनियन लेख, मधूनच कोरलेली घराण्यांची चिन्हे, पावलांनी व पावसाने झिजून सपाट झालेली अक्षरे असे सगळे येथे एकमेकांना खेटून पसरले आहे. त्यांतली 1652 सालची शिळा, मद्रासचा पहिला प्रेसिडेंट ॲरन बेकर याची जलप्रवासात मरण पावलेली पत्नी एलिझाबेथ हिची, भारतातील ब्रिटिश थडग्यांच्या सर्वांत जुन्या शिळांपैकी मानली जाते. परंतु या शिळांखाली कोणीही पुरलेले नाही. इंग्रजांचे जुने दफनस्थान किल्ल्याच्या तटाबाहेर होते. डिसेंबर 1758 ते फेब्रुवारी 1759 या काळात काउंट लाली याच्या फ्रेंच फौजेने मद्रासला वेढा घातला, तेव्हा तेथील उंच थडग्यांचा शत्रूला चांगलाच आडोसा मिळाला, म्हणून वेढा उठल्यावर ती पाडून टाकण्यात आली आणि लेख असलेले दगड चर्चभोवती आणून बसवण्यात आले. अशा रीतीने देह एकीकडे राहिले आणि नावे दुसरीकडे गेली.

म्हणूनच या चर्चचा खरा ठेवा त्याच्या नोंदवह्यांत आहे. 1680 पासून येथे बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवली जात आली. दगड कोरून घेण्याची ऐपत मोजक्या कुटुंबांची होती. दफनवहीत मात्र गव्हर्नरच्या नावाच्या पुढेमागे साधा शिपाई, खलाशी आणि काही दिवसांचे मूल यांचीही ओळ असते, आणि एरवी इतिहासात ज्यांचा मागमूस उरला नसता त्यांच्यासाठी तीच एक ओळ अखेरचा पुरावा ठरते. कंपनीच्या चॅप्लेननी, म्हणजे पगारी धर्मोपदेशकांनी, अशा नोंदींच्या प्रती लंडनला पाठवायच्या असत. मद्रास इलाख्याच्या 1698 पासूनच्या प्रती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. विवाहाच्या वहीत 1753 साली रॉबर्ट क्लाइव्ह आणि मार्गारेट मॅस्केलिन यांचे नाव येते, आणि पर्यटकांना बहुधा तेवढेच दाखवले जाते. वास्तविक दफनाच्या नोंदी कितीतरी अधिक बोलक्या आहेत.

उदाहरणार्थ, 1777 ची गव्हर्नर लॉर्ड पिगट याची नोंद घ्यावी. कंपनीच्या मदतीने अर्काटच्या नबाबाने 1773 मध्ये तंजावरचे मराठी राज्य गिळले होते. पिगटने 1776 मध्ये ते राजे तुळजाजींना परत दिले, तेव्हा नबाबाच्या बाजूने असलेल्या कौन्सिलच्या बहुमताने खुद्द गव्हर्नरलाच अटक केली, आणि मे 1777 मध्ये तो कैदेतच मरण पावला. त्याला चर्चमध्ये पुरले, पण वर नाव कोरले गेले नाही. तंजावरच्या गादीपायी एका इंग्रज गव्हर्नरचे पद गेले, हे महाराष्ट्रात फारसे सांगितले जात नाही. ते सांगितले गेले पाहिजे. याच चर्चमध्ये जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांचे स्मारक आहे, जे कंपनीने शिल्पकार जॉन बेकन याच्याकडून करवून घेतले. तुळजाजींनी ज्या सरफोजीराजांना श्वार्ट्झ यांच्या हाती सोपवले, त्यांनी आपल्या गुरूचे दुसरे स्मारक जॉन फ्लॅक्समन याच्याकडून घडवून तंजावरात बसवले. म्हणून दोन्ही शिल्पे एकाच प्रवासात पाहावीत. गव्हर्नर सर थॉमस मन्रो 1827 मध्ये पत्तिकोंड्याला पटकीने वारला आणि प्रथम गुत्तीला पुरला गेला; त्याचे अवशेष नंतर येथे आणले गेले.

किल्ल्याबाहेर पडून उच्च न्यायालयाच्या परिसराकडे गेल्यास त्या मूळ दफनस्थानाचा उरलेला अंश दिसतो. पाडापाडीतून येथे दोनच थडगी वाचली, त्यांपैकी एक उंच निमुळत्या मनोऱ्याचे आहे. ते 1680 मध्ये वारलेल्या जोसेफ हिनमर्स याच्यासाठी बांधलेले. त्याची विधवा कॅथरिन हिचा त्याच वर्षी 4 नोव्हेंबरला एलायहू येल याच्याशी झालेला विवाह हा सेंट मेरीतील पहिला विवाह होय. पुढे गव्हर्नर झालेल्या आणि गुलामांच्या व्यापारातही सामील असलेल्या या येलच्या देणगीवरून अमेरिकेतील विद्यापीठाला नाव मिळाले. 1688 मध्ये वारलेला येल दांपत्याचा लहानगा मुलगा डेव्हिड आईच्या पहिल्या पतीच्या शेजारी येथेच पुरला आहे, आणि त्याचा दगड अजून त्याच्या देहावरच उभा आहे.