आधी देव कुठं हाय बघावं

अणदूरच्या खंडोबाची मूर्ती एक आणि देवळं दोन. वर्षातले दहाएक महिने देव अणदुरात असतो, उरलेले दोनएक महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. देव नेण्या-आणण्याचा लेखी करार दोन्हीकडचे मानकरी करतात.

हायवेला नानांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं, चहाचं हॉटेल होतं. एका पौषात बिदरकडची माणसं एसटीतून उतरली आणि खंडोबा कुठं म्हणून विचारू लागली. गल्ल्यावर मी होतो. "सरळ गावात," म्हणून हात केला. तासाभरानं ती परत आली. देऊळ होतं, देव नव्हता. त्यांच्यातली म्हातारी बाकड्यावर मटकन बसली. नानांनी तिला चहा पाजला, हॉटेल माझ्यावर टाकलं आणि सगळ्यांना जीपनं मैलारपूरला पोचवून आले. मला रागावले नाहीत. म्हणाले, "देऊळ हालत न्हाई रं, देव हालतो. आधी देव कुठं हाय बघावं, मग वाट दावावी."

पुण्यातल्या कोर्सची फी नानांनीच भरली. पहिल्या पगारात ती फेडायला गेलो तर म्हणाले, "गल्ल्यावर बसायचास, त्यात धर."

आता मी डेटा सेंटरचं नेटवर्क सांभाळतो. तिथं एका यंत्रावर वेगवेगळ्या ग्राहकांचे अनेक आभासी सर्व्हर नांदतात आणि चालू असतानाच, पत्ता न बदलता, दुसऱ्या यंत्रावर बिऱ्हाड हलवतात. एका रात्री असाच हललेला सर्व्हर काही यंत्रांना सापडेना. दोन तास मी राउटिंग टेबल वाचत होतो. त्याच्यासह २५६ पत्त्यांची वाट बरोबर होती, यंत्रांमधले बोगदे चालू होते. तरी पॅकेट जुन्याच यंत्राकडे जाऊन गडप होत होती.

मग नाना आठवले. टेबल वाचायचं सोडलं आणि ज्याला सर्व्हर सापडत नव्हता त्या यंत्रालाच विचारलं, या ग्राहकाकडून आलेलं, या एका पत्त्याचं पॅकेट तू आत्ता कुठं देशील? लिनक्समध्ये त्यासाठी 'आयपी रूट गेट' ही आज्ञा आहे. उत्तर आलं, जुन्या यंत्राकडे. प्रत्येक ग्राहकाचं टेबल वेगळं असतं आणि मी मुख्य टेबलच चाळत बसलो होतो. ग्राहकाच्या टेबलात २५६ पत्त्यांच्या वाटेसोबतच कुणीतरी कधीकाळी हातानं लिहिलेली एकाच पत्त्याची नोंद होती. एकाच टेबलात जास्त नेमकी नोंद जिंकते, मग ती शिळी का असेना. २५६ पत्त्यांची खरी वाट त्या एका ओळीपुढे हरली होती. ओळ पुसली, सर्व्हर सापडला.

ती नोंद कुणाची, हे मी शोधलं नाही. गल्ल्यावरून मीही हात केलाच होता.

नाना आता नाहीत. पौषात खंडोबाला निघालात, तर देव कुठं आहे ते आधी विचारून घ्या.